गोलाईचे सोळा रस्ते

पांढऱ्याने राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, म्हणजे पुस्तकी भाषेत ‘ई४’ केलं, की काळ्यापुढे बरोब्बर वीस चाली असतात. आठ प्यादी, प्रत्येकाला एक किंवा दोन घरं, म्हणजे सोळा; दोन घोडे, प्रत्येकाला दोन जागा, म्हणजे चार. बाकीची मोहरी प्याद्यांच्या भिंतीमागे कोंडलेली. या विसांपैकी चारच चाली जगभर रुळल्या आहेत : राजाच्याच प्याद्याने दिलेलं सरळ उत्तर (ई५), सिसिलियन (सी५), फ्रेंच (ई६) आणि कारो-कान (सी६). विसातून चार गेले, राहिले सोळा.

लातुरात सोळा म्हटलं की गंजगोलाई आठवते. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने १९१७ साली आखलेल्या या गोल पेठेला सोळा रस्ते येऊन मिळतात. मधोमध जगदंबेचं देऊळ, भोवती दुमजली गोलाकार इमारत, आणि रस्त्यागणिक वेगळा बाजार : कुठे सोनं, कुठे चपला, कुठे मिरची, कुठे गूळ. परगावचा माणूस सोन्याच्या रस्त्याने आत शिरतो, एक चक्कर मारतो आणि मिरचीच्या रस्त्याने खोकत बाहेर पडतो. ई४ला आडवाटेचं उत्तर देणाऱ्याचा प्रवास साधारण असाच होतो.

मुळात ई४ ही चालच या मुलखाला उशिरा भेटली. देशी पद्धतीत प्यादं एका वेळी एकच घर चालतं. कॅसलिंग नाही, त्याऐवजी राजाला शह लागलेला नसेल तोवर एकदाच घोड्यासारखी उडी मारायची मुभा. समोरच्याची सगळी मोहरी खाऊन राजा एकटा उरला तर ‘बुर्जी’, आणि प्याद्याने मात दिली तर तो मान मोठा. जिंकणारा पुढचे चार दिवस चहाचे पैसे देत नाही. वाड्याच्या ओसरीवर या नियमांनी खेळलेले आजोबा अजून अधूनमधून सापडतात. नातवाने ई४ केलं की ते ‘एक घर, एक घर’ म्हणत प्यादं उचलून मागे आणून ठेवतात. ई४ला दिलेला हा सर्वांत दुर्मीळ बचाव म्हणावा लागेल, कारण यात ई४ होऊच दिलं जात नाही. याच्यावर कोणत्याही ग्रंथात एक पानही सापडणार नाही.

एका घराच्या या सवयीचं पुढे शास्त्रही झालं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात कलकत्त्यात जॉन कॉक्रेन हा बिलंदर स्कॉटिश खेळाडू मोहेशचंद्र बॅनर्जी यांच्याशी कितीतरी डाव खेळला. बॅनर्जी देशी खेळावर वाढलेले. समोरचा मधलं मैदान बळकावत असताना ते आपली प्यादी एकेक घर सरकवून, उंट कोपऱ्याकडे बसवून निवांत राहत. आज ज्या मांडण्यांना ‘इंडियन’ म्हणतात त्यांचं नाव या डावांवरून पडल्याचं बुद्धिबळाचे इतिहासकार सांगतात. आजोबांना हे सांगितलं तर ते फक्त ‘मग?’ एवढंच विचारतात.

नांदेड-लातूर भागात आडवाटेच्या बचावाला मुख्य खतपाणी मिळालं ते मात्र आजोबांकडून नव्हे, पाठांतराकडून. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांनी गुणवत्ता यादीत मुलं बसवायला सुरुवात केली आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द राज्यभर गेला. त्याचं सूत्र साधं : एकच प्रकारचा प्रश्न इतक्या वेळा सोडवायचा की परीक्षेत तो दिसला की हात आपोआप चालावा. गुणवत्ता याद्या बंद झाल्या, पॅटर्न चालू राहिला, डॉक्टरकीच्या परीक्षेकडे वळला, आणि नांदेडनेही आपले क्लास उघडून त्यात भागीदारी मिळवली. या हवेत वाढलेलं लेकरू बुद्धिबळही त्याच पद्धतीने शिकतं. शिक्षकाने झेरॉक्स काढून स्पायरल बाइंडिंग करून दिलेली वही असते, वर लिहिलेलं असतं : ‘सिसिलियन, नायडॉर्फ, चाल १ ते १८’. मूल ते तोंडपाठ करतं. अठराव्या चालीनंतर काय, हे विचारायचं नसतं. पुढची वही पुढच्या सुट्टीत.

अशा मुलाने ई४ केलं आणि समोरून सी५ येण्याऐवजी डी५ आलं, तर त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं त्याला एकच नाव आहे : आउट ऑफ सिलॅबस. काही मुलं खरोखरच हात वर करून पंचांना बोलावतात. परीक्षेत प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा निघाला तर निवेदन देता येतं, बोनस गुण मागता येतात, वर्तमानपत्रात बातमी येते. पटावर पंच घड्याळाकडे बोट दाखवतो आणि निघून जातो.

आडवाटेचा बचाव निवडणाराही फार धाडसी असतो असं समजू नये. तोही याच शहरात वाढलेला असतो. त्यालाही ती स्पायरलची वही मिळालेली असते, फक्त त्याने ती उघडलेली नसते. सिसिलियन नीट खेळायचा तर जाडजूड पुस्तकं पचवावी लागतात. तेव्हा समोरच्याने दहा वर्षं पाठ केलेलं एका चालीत वाया घालवणं हा अभ्यास टाळण्याचा सर्वांत प्रतिष्ठित मार्ग ठरतो. याला तो ‘माझी स्टाइल’ म्हणतो.

सोळा रस्त्यांत सर्वांत वाहता रस्ता स्कँडिनेव्हियन बचावाचा. ई४ला उत्तर म्हणून काळा वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकतो (डी५), पांढरा ते खातो, आणि काळ्याचा वजीर दुसऱ्याच चालीला प्यादं मारत पटाच्या मधोमध येऊन उभा राहतो. लहानपणी प्रत्येकाला शिकवलेलं असतं की वजीर लवकर बाहेर काढू नये. हा बचाव त्या शिकवणुकीच्या नाकावर टिच्चून उभा आहे. पांढऱ्याचा घोडा सी३वर येऊन वजिराला हुसकावतो. वजीर तिथून उठतो आणि पांढऱ्याच्या डाव्या हाताला कडेच्या उभ्या पट्टीत, ए५वर जाऊन बसतो. नांदेडच्या खेळाडूंना या घराचं नाव वेगळं शिकवावं लागत नाही. वजीर गेला कुठे? वजिराबादेत. नांदेडातली ती भर गजबजलेली पेठ, तिथे एकदा माणूस शिरला की त्याला शोधून बाहेर काढणं अवघड. ए५वरच्या वजिराचंही तसंच. तो तिथून पांढऱ्याच्या घोड्यावर आणि राजावर तिरकी नजर ठेवतो, आणि पांढऱ्याला त्याच्यामागे धावायला सहज चाल सापडत नाही.

मात्र वजिराबादेऐवजी वजीर सी६वर नेला, तर अनर्थ होतो. पांढऱ्याचा उंट बी५वर येतो, वजिराच्या मागे त्याचाच राजा त्याच तिरक्या रेषेत असतो, त्यामुळे वजिराला बाजूला सरता येत नाही. उंटाला खावं तर मागे घोडा टपलेला. पाचव्या चालीत वजीर संपला. दर शालेय स्पर्धेत हा प्रकार निदान एकदा घडतो, आणि ज्याच्या बाबतीत घडतो तो पुढे आयुष्यभर फ्रेंच बचाव खेळतो.

या बचावाचं वय ऐकून मात्र त्याला ‘कमी खेळला जाणारा’ म्हणताना जीभ अडखळते. आजच्या नियमांनी खेळलेला, नोंद राहिलेला सर्वांत जुना डाव स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचा, साधारण १४७५ सालचा, आणि तो एका कवितेत गुंफलेला आहे. फ्रान्सेस्क दे कास्तेल्वी पांढरी मोहरी घेऊन, नार्सिस विन्योलेस काळी. सुरुवात : ई४, डी५. म्हणजे सिसिलियनची पुस्तकं लिहिली जाण्याच्या कितीतरी आधी हा बचाव हजर होता, आणि पहिल्याच नोंदलेल्या डावात हरलाही होता. ही परंपरा त्याने निष्ठेने जपली. १९९५ साली न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये जगज्जेतेपदाच्या सामन्यात विश्वनाथन आनंदने कास्पारोव्हविरुद्ध चौदाव्या डावात तो अचानक बाहेर काढला. डाव रंगला, आनंदला चांगली जागाही मिळाली, आणि शेवटी कास्पारोव्ह जिंकला. त्या दिवसांत इकडे डाव पोहोचायचा तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर, क्रिकेटच्या खाली, बारीक टायपात. ती चार ओळींची कात्रणं वहीत चिकटवून आनंदच्या नावावर हरणारे पुष्कळ निघाले. हरायला आनंदचं उदाहरण हाताशी असणं ही सोय काही लहान नाही.

जिंकणाऱ्यांसाठीही उदाहरणं आहेत, तीही वजनदार. १९७९ साली माँट्रियलला बेंट लार्सनने त्या वेळचा जगज्जेता कार्पोव्ह याला याच बचावाने हरवलं. २०१४ साली ट्रॉम्सोच्या ऑलिंपियाडमध्ये मॅग्नस कार्लसनने फाबियानो कारुआनाला. या नावांचा उपयोग पालकांना पटवायला होतो. खेळायला होत नाही, कारण लार्सनला आठव्या चालीनंतर काय करायचं ते माहीत होतं.

पांढऱ्याची सर्वांत मोठी चूक घाबरण्यात असते. डी५ पाहून काहीतरी सापळा आहे अशी त्याची खात्री होते आणि तो प्यादं खाण्याऐवजी पुढे ढकलतो (ई५). काळा इथे मनातल्या मनात पेढे वाटतो. फ्रेंच बचावात काळ्याचा जो उंट आपल्याच प्याद्यांमागे जन्मभर कोंडून पडतो, तो इथे फुकटात मोकळा होऊन बाहेर येतो, आणि मग दार लावून घेतलं तरी चालतं. समोर वाढलेलं ताट खाऊन टाकावं, एवढाच यावरचा उपाय आहे. पण स्पर्धेत फुकट मिळालेल्या वस्तूवर मराठवाड्यातला माणूस विश्वास ठेवत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. त्याने पाऊस, पीकविमा आणि रेल्वेची आश्वासनं पाहिलेली असतात.

दुसरा प्रशस्त रस्ता अलेखाईन बचावाचा, आणि तो थेट माळेगावला जातो. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची जत्रा भरते. घोड्यांच्या बाजारासाठी ती दूरवर प्रसिद्ध आहे. तिथे घोडा विकणारा घोड्याला मुद्दाम गिऱ्हाइकाच्या अंगावर आणतो, वळवतो, पुन्हा आणतो. अलेखाईन बचाव म्हणजे हाच प्रकार चौसष्ट घरांत. ई४ला काळा राजाकडचा घोडा एफ६वर काढतो. पांढरा प्यादं पुढे ढकलून घोड्याला हाकलतो, घोडा डी५वर जातो. पांढरा दुसरं प्यादं सोडतो, घोडा बी६वर जातो. मग तिसरं, मग चौथं. पाच चालींत पांढऱ्याची चार प्यादी (सी४, डी४, ई५, एफ४) छाती काढून पुढे उभी असतात आणि काळ्याचा एकच घोडा तीनदा पळून दमलेला असतो. पाहणारे म्हणतात, संपला. काळ्याचा दावा असा, की संपला तो पांढरा. एवढ्या लांब आलेल्या प्याद्यांना आता सांभाळायचं कोणी? मालकाने चार म्हशी एकदम सोडल्या, गावाबाहेर नेल्या, आता हाकारत बसावं.

अलेक्झांडर अलेखाईनने हा उद्योग १९२१ साली बुडापेस्टला केला आणि सहा वर्षांनी तो जगज्जेता झाला, बचावामुळे नव्हे. पण १९७२ साली रेक्याविकला बॉबी फिशरने स्पास्कीविरुद्ध तेराव्या डावात तो खेळून काळ्या मोहऱ्यांनी विजय मिळवला, तेव्हापासून घोडा पळवणाऱ्यांना कोणी वेडं म्हणत नाही. निदान तोंडावर नाही. शेजारच्या टेबलावरून मात्र येतंच, ‘आरं, एकच घोडं किती पळवायलास? बाकीचं गडी झोपलेत का?’

उरलेल्या रस्त्यांवर वर्दळ कमी आणि खड्डे जास्त. डी६ आणि जी६ या दोन गल्ल्या तशा सभ्य आहेत. त्यांतून पिर्क आणि मॉडर्न बचाव निघतात, आजोबांच्या एका घराच्या चालीशी त्यांचं नातं आहे, आणि तिथे राहणारी माणसं शांत, पोटात काय आहे ते न सांगणारी. एन्‌सी६, म्हणजे वजिराकडचा घोडा आधी काढणं, याला रीगात जन्मलेल्या निम्झोविचचं नाव आहे. बी६ला ओवेन बचाव म्हणतात. जॉन ओवेन हा इंग्लंडमधला पाद्री. १८५८ साली लंडनला त्याने पॉल मॉर्फीला या चालीने हरवलं. मॉर्फी त्या काळचा अजिंक्य म्हणावा असा खेळाडू, आणि त्याच वर्षी थॉमस बार्न्सने त्याला चक्क एफ६ खेळून, म्हणजे राजाच्या डोक्यावरचं छप्पर स्वतः उचकटूनही हरवलं. एफ६ ही चाल आजही कोणी कोणाला शिकवत नाही. पण हरलेला मॉर्फी एवढ्या कामाचा आहे, की दीडशेहून अधिक वर्षांनंतरही चुकीची चाल खेळून झाल्यावर त्याचं नाव घेता येतं.

ए६ची कथा जरा थांबून सांगण्याजोगी. १९८० साली स्वीडनमधल्या स्कारा गावी युरोपीय सांघिक स्पर्धेत जगज्जेत्या कार्पोव्हने ई४ केलं आणि इंग्लंडच्या टोनी माइल्सने कडेचं प्यादं एक घर पुढे केलं. पुढच्या चालीत शेजारचं दोन घरं. प्रेक्षकांत हशा पिकला. जगज्जेत्याला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. डाव माइल्सने जिंकला. त्यानंतर ए६ खेळून हरणाऱ्यांची संख्या मोजण्याच्या भानगडीत कोणी पडलेलं नाही.

जी५ खेळणाऱ्यांना इशारा द्यायलाच हवा. जी५नंतर पांढऱ्याने डी४ केलं आणि काळ्याने चुकून एफ६ केलं, तर तिसऱ्या चालीत पांढऱ्याचा वजीर एच५वर येतो आणि मात. घड्याळ लावायला जेवढा वेळ लागला त्याहून कमी वेळात माणूस घरी. सकाळी मुरमुऱ्यांच्या सुशीलाचा डबा घेऊन आलेल्या आईला मग हॉलबाहेर समजावून सांगावं लागतं, की डाव झाला, हो, झाला, नाही, पुन्हा लावता येत नाही.

नावांवरून फसणारे वेगळेच. लॅटव्हियन गॅम्बिट नावाची एक सुरुवात आहे : ई४, ई५, पांढरा घोडा काढतो आणि काळा एफ५ करून आपल्याच अंगणात आग लावतो. लातुरात हे नाव घाईत ऐकणारे काही जण ‘लातूरचा गॅम्बिट’ समजून मोठ्या अभिमानाने खेळतात आणि पंचवीस चालींत जळून खाक होतात. त्याचा संबंध लॅटव्हियाशी, लातूरच्या औसा रोडशी नाही. एलिफंट गॅम्बिटमध्ये हत्ती जागचा हलत नाही. आणि डॅमियानो बचावाची तऱ्हा तर शोकांतिकेची. पोर्तुगालच्या डॅमियानो नावाच्या औषधविक्रेत्याने १५१२ साली छापलेल्या पुस्तकात सांगितलं होतं, की ई४, ई५, घोडा एफ३ यावर एफ६ करू नका, वाईट आहे. लोकांनी त्या चालीलाच त्याचं नाव दिलं. गावात दारूबंदीचा ठराव मांडणाऱ्याच्या नावाने गुत्ता निघावा, तसं हे झालं.

कागदावरचं शास्त्र इथपर्यंत. पटावर काय होतं ते खुल्या स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत जवळून पाहायला मिळतं. एका बाजूला क्लासमधला बारा वर्षांचा मुलगा, दुसऱ्या बाजूला नांदेडहून पहाटेच्या एसटीने आलेले निवृत्त बँक कॅशियर. मुलगा एका सेकंदात ई४ करतो, स्कोअरशीटवर लिहितो, घड्याळ दाबतो. काका चष्मा काढतात, रुमालाने पुसतात, घालतात, पुन्हा काढतात. मग डी५. प्यादं ठेवताना ते थोडं फिरवून घरात नीट रुतवतात, जणू खिळा ठोकावा. मुलगा पटाकडे बघतो, मग खिडकीकडे, तिथून आई खुणावते : ‘खा!’ पंच आईला खिडकीपासून लांब करतो. मुलगा खातो. काकांचा वजीर येतो, घोडा त्याला हुसकावतो, वजीर वजिराबादेत. इथे मुलाची वही संपते. काका उठतात, बाहेर जाऊन अर्धा कप चहा घेतात, कारण नोटा मोजण्यात आयुष्य गेल्यामुळे समोरचा मोजायला किती वेळ घेणार याचा अंदाज त्यांना अचूक असतो.

चौदा मिनिटांनी मुलगा चाल करतो. काका घोडा काढतात, उंट काढतात, सी६ आणि ई६ करून दार लावून घेतात. सातवी चाल झाली. आणि आता गंमत अशी होते, की काका चष्मा काढतात तो पुसण्यासाठी नाही. सातव्या चालीच्या पुढचं त्यांनाही येत नाही. इतकी वर्षं ते या बचावाच्या जोरावर खेळले, पण समोरचा बहुतेकदा पाचव्या चालीलाच गडबडायचा, त्यामुळे आठवी चाल शिकण्याची वेळच आली नव्हती. दोघं आता सारख्याच अंधारात समोरासमोर बसतात. डाव इथून सुरू होतो.

बघ्यांची परिस्थिती याहून वाईट. या दोन जिल्ह्यांनी राज्याला चार मुख्यमंत्री दिले. शह-काटशह इथल्या माणसाला पटापेक्षा राजकारणातून जास्त कळतो. मराठवाड्याचं दुसरं आयुक्तालय नांदेडला की लातूरला, हा डाव तर वर्षानुवर्षं रेंगाळला. तेव्हा नांदेडच्या काकांनी लातूरच्या मुलापुढे वजीर बाहेर काढला की हॉलच्या दाराशी उभ्या असलेल्या पालकांना त्यात बचाव दिसत नाही, भूमिका दिसते. ‘वजीर लईच पुढं आला,’ एक जण म्हणतो. ‘येऊ दे की,’ दुसरा म्हणतो, ‘जायचंच हाय शेवटी वापस.’

आयोजकांसाठी एक सूचना इथेच नोंदवून ठेवावी : वेळ अमावस्येला लातुरात स्पर्धा घेऊ नये. त्या दिवशी विसांपैकी एकही चाल होत नाही, कारण अख्खं शहर शेतात भज्जी आणि आंबील घेऊन बसलेलं असतं. झाडाखाली सतरंजीवर एखादा पट मांडला जातो खरा, पण दुसरा वाडगा आंबील पोटात गेल्यावर ई४ला मिळणारं एकमेव उत्तर म्हणजे घोरणं.

डाव हरला तर त्याची चिकित्सा परतीच्या गाडीत होते. चुंबकी पट मांडीवर, मोहरी नखाएवढी, आणि लातूर-नांदेड रस्त्यावर प्रत्येक गतिरोधकाला एखादा उंट सीटखाली. या चिकित्सेची एक ठरलेली वाटचाल आहे. लातूरच्या स्टँडवर हार ‘एका चुकीमुळे’ झालेली असते. चाकूर येईपर्यंत चूक घड्याळाची ठरते. अहमदपूरला गाडी दहा मिनिटं थांबते, भजी खाऊन होतात, आणि डाव बरोबरीचा होता हे सिद्ध होतं. लोहा मागे पडताना काळा स्पष्ट जिंकत असतो. नांदेडला उतरताना फक्त एवढंच कळत नाही, की स्कोअरशीटवर शून्य कोणी लिहिलं. बचावाला दोष कोणत्याच थांब्यावर दिला जात नाही. जिंकला असता तर श्रेय मात्र पहिल्या थांब्यालाच बचावाचं झालं असतं.

जिंकण्यातही एक अडचण आहेच. आडवाटेचा बचाव एकदा गाजला की तो आडवाटेचा राहत नाही. काकांनी त्या मुलाला कसंबसं हरवलं, तर आठवड्याभरात औसा रोडच्या क्लासमध्ये नवी वही छापून येते : ‘स्कँडिनेव्हियन, ए५ प्रकार, चाल १ ते १८’. झेरॉक्स केंद्रावर रंगीत मुखपृष्ठाचे वेगळे पैसे. मुलं ती तोंडपाठ करतात, उलटसुलट चाचण्या सोडवतात, आणि पुढच्या वर्षी तोच मुलगा, आता तेरा वर्षांचा, मिसरूड फुटू पाहणारा, त्याच हॉलमध्ये त्याच काकांसमोर बसतो. एका सेकंदात ई४. घड्याळ दाबून तो हाताची घडी घालतो आणि काकांच्या वजिरापुढच्या प्याद्याकडे नजर लावून बसतो.

काका चष्मा काढतात, पुसतात, घालतात. मग राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे ठेवतात. ई५. पहिली दुसरीत शिकवतात ती चाल.

मुलगा पटाकडे बघतो, मग खिडकीकडे. खिडकी या वर्षी बंद ठेवली आहे. काका चहाला उठतात, आणि वीस मिनिटांनी परत येतात तेव्हा घड्याळ अजून मुलाचंच चाललेलं असतं.